टोपलीवरचा हात

पहिल्याच दिवशी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर माझ्या नववीच्या वर्गातल्या एका मुलीच्या तोंडावर एका बाईने बर्फाचं पाणी भसकन फेकलं, आणि मी त्या बाईच्या अंगावर धावून गेले. वाळूत चप्पल रुतली, पदर कुणाच्या तरी टोपलीत अडकला, आणि मी पोचेपर्यंत बाईने दुसरं तांब्याभर पाणी घेतलं होतं. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं आणि विचारलं, मास्तरीणबाई, तुमाला पन पायजे का? बाजूच्या बाया फिदीफिदी हसल्या. ती मुलगी मात्र नुसती उभी होती. केसांतून पाणी गळतंय, हुडहुडी भरलीय, आणि तोंडातून हूं की चूं नाही.

तिला तिथे उभं करणारी मीच होते. विरार पूर्वेला आमची मराठी शाळा. मी भूगोल शिकवते, आणि दुसरं कुणी घेईना म्हणून करिअर मार्गदर्शनही माझ्याच गळ्यात पडलं. आधी मार्गदर्शन म्हणजे काय, तर भिंतीवर एक तक्ता, त्यात स्टेथोस्कोप लावलेला डॉक्टर आणि पिवळी टोपी घातलेला इंजिनिअर. वर्षातून एकदा कुणीतरी पालक येऊन भाषण ठोकायचे आणि मुलं बाकाखाली एकमेकांना चिमटे काढायची. मला त्याचा वीट आला होता. आमच्या मुलांना दोनच कामं माहीत असतात, एक बाप करतो ते आणि दुसरं बापाला करायचं होतं पण जमलं नाही ते. म्हणून मी कामाचा आठवडा सुरू केला. दिवाळीची सुट्टी संपली की नववीतल्या प्रत्येकाने आठवडाभर कुणाच्या तरी हाताखाली राबायचं. नियम एकच, आपल्या घरचा धंदा घ्यायचा नाही. कोळ्याच्या पोरीने कॉम्प्युटरच्या दुकानात बसायचं, फ्लॅटमधल्या पोराने गॅरेजमध्ये ग्रीस फासून घ्यायचं. पहिल्या वर्षी तीन पालक माझ्याशी भांडायला आले होते. एकाने तर टेबलावर मूठ आपटून काच फोडली. मी त्याच काचेवर वही ठेवून काम करत राहिले.

त्या वर्षी अर्नाळ्याला जाणार होती ती दुसरीच एक मुलगी. मी वर्गात मासळीच्या लिलावाबद्दल सांगत असतानाच ती ओकारी आल्यासारखं करायला लागली. कोण जाईल हिच्याऐवजी, असं विचारलं तर मागच्या बाकावरून एक हात वर आला. रक्त तपासायच्या लॅबमध्ये जिला पाठवणार होते, ती. मी जाते, म्हणाली. हजेरी घेताना जिचा "हजर" मला ओठांवरून वाचून घ्यावा लागायचा, तिने आपण होऊन हात वर केला होता. मला इतका आनंद झाला की मी घरी विचारलंस का, वगैरे काही बोललेच नाही.

ही मुलगी मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायची. का, ते मला माहीत होतं. आम्ही चंदनसारला एकाच सोसायटीत राहतो, मी ए विंगमध्ये आणि ते समोरच्या बी विंगमध्ये चौथ्या मजल्यावर. रविवारी दुपारी घरोघरी मटण शिजायला लागलं की त्यांच्या घरातला टीव्ही एकदम मोठा व्हायचा. इतका मोठा की बातम्या देणारी बाई आमच्या स्वयंपाकघरात बोलत असल्यासारखं वाटायचं. त्या आवाजाच्या मागे काय चाललंय हे आख्ख्या सोसायटीला ठाऊक होतं. आवाज वाढला की बायका गॅलरीतले कपडे अर्धवट वाळत घालून आत जायच्या. मी दोनदा जाऊन बेल वाजवली. दोन्ही वेळा वडिलांनी हसत दार उघडलं, टीव्ही बारीक केला आणि चहा घ्या म्हणाले. एकदा मी मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला. माणसं आली, चांगली होती बिचारी, मुलीला बाजूला घेऊन गोडीने विचारलं. तिने मान हलवली. काही नाही, पडले. ते गेले आणि तो रविवार टीव्ही संध्याकाळपर्यंत मोठा होता.

आणि हेच गृहस्थ आदल्या वर्षी शाळेत भाषण द्यायला आले होते, बरं का. मुंबईत चांगल्या कंपनीत नोकरी, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं मधाळ. विषय, नोकरीतली शिस्त. मुलांनो, म्हणाले, जगात कुणी तुमची रड ऐकून घ्यायला बसलेलं नाही. आमचे हेडसर टाळ्या वाजवत होते. त्यांची मुलगी पहिल्या रांगेत बसून बुटांकडे बघत होती. माझे हात असे शिवशिवत होते म्हणून सांगू.

तर अर्नाळ्याची ती बाई. वय पन्नाशीच्या पुढे, अंगावर ठसठशीत सोनं, होडीत स्वतःचा हिस्सा, आणि आवाज असा की समोरच्या किल्ल्यावरची कुत्री उठून बसावीत. तिला गरीब बिचारी कोळीण समजून कुणी मायेने बोलायला गेलं तर ती त्याला उभा चिरायची. सगळ्यांशी मारामारी. जावई उशिरा आला म्हणून एकदा त्याला वल्ह्याने बडवला होता म्हणे. नवरा पिऊन हिला मारायचा. एकदा हिने कोयत्याची मूठ त्याच्या कपाळात घातली. ती खोक अजून आहे आणि संसारही अजून आहे, हे तिने मला बर्फ फोडता फोडता सांगितलं. मी बर्फ फोडत राहिले.

लिलावाची तिची पद्धत कळल्यावर माझा राग थोडा उतरला. होडी लागली की टोपली सगळ्यांसमोर उघडी करायची. चांगला मासा वर आणि फुटका खाली, असं चालत नाही. जे आहे ते मोठ्याने नाव घेऊन सांगायचं, फुटलेलं असेल तर तेही सांगायचं. आणि मग पुकारत राहायचं. घ्यायचं ज्याच्या मनात असेल तो येऊन टोपलीवर हात ठेवतो. एकदा हात ठेवला की माल त्याचा, मग बाजूच्या टोपलीत सोनं निघालं तरी मागे फिरता येत नाही. आणि कुणाचा हात पडेपर्यंत पुकारणारीने थांबायचं नाही. घसा फाटो नाहीतर ऊन डोक्यावर येवो, थांबली तर माल पडून राहणार आणि कुजणार. आमची मुलगी पुटपुटत होती, म्हणून तिच्या तोंडावर पाणी बसलं.

हे सगळं ऐकताना मी दमून वाकले आणि बाजूच्या टोपलीवर हात टेकला. झालं. बाया टाळ्या पिटायला लागल्या. मी म्हणाले, अहो मी नुसती टेकले. बाई म्हणाली, हात तो हात. आख्खी टोपलीभर मांदेली मला घ्यावी लागली. रिक्षावाला बसवून घेईना, शेवटी ती शाळेत नेऊन शिपायापासून हेडसरांपर्यंत वाटली. मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा हसली, तोंडावर हात ठेवून, आवाज न करता.

दुसऱ्या दिवशी तिला शिंगाळा लागला. शिंगाळ्याच्या अंगावर काटे असतात, मोडल्याशिवाय हात घालायचा नसतो. एक मोडायचा राहिला होता. तिने टोपलीत हात घातला आणि काटा तळव्याच्या मांसात सरळ घुसला. हे कुणाला कळलंच नाही, कारण ती ओरडली नाही. ती पुढचा मासा डाव्या हाताने उचलायला लागली. बर्फावर रक्त टपकायला लागलं तेव्हा बाईची नजर गेली. तिने मुलीचं मनगट पकडून पक्कडीने काटा ओढला. काट्याला उलटे दात असतात, तो येताना मांस घेऊनच येतो. मला बघवेना. मुलीच्या कपाळावर घाम फुटला होता, ओठ पांढरे पडले होते, पण आवाज नाही तो नाहीच.

मग जखम धुवायला बाईने तिची बाही वर सरकवली. कोपरापर्यंत आणि त्याच्याही वर, एकाखाली एक वळ. काही पिवळे पडलेले, काही निळे, एक अगदी ताजा, काळा-लाल, पट्ट्याच्या बक्कलाचा चौकोन त्यात स्पष्ट उमटलेला. भोवतीच्या बायांनी बघितलं. बाईने खाऱ्या पाण्याने हात धुतला, हळद दाबली, आपल्या लुगड्याची किनार फाडून बांधली. मग माझ्याकडे बघून म्हणाली,

"बाई, ह्या पोरीला लागलं तर वरडता येत नाय."

"मला माहीत आहे."

"ठाव हाय तर मंग?"

मी तिला सगळं सांगितलं, बेल वाजवल्याचं, हेल्पलाइनचं, ही मान हलवते त्याचं. हिच्या तोंडून निघाल्याशिवाय कुणाला काही करता येत नाही, हेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि वाळूत थुंकली. काय समजायचं ते मी समजले.

त्यानंतर बाईने त्या मुलीच्या अंगाला बोट लावलं नाही. पण छळलं मात्र भरपूर. गुडघाभर पाण्यात उभं करून येणाऱ्या होड्यांकडे बघत तिला पुकारायला लावायची. आवाज खाली आला की पायाशी बर्फाचे खडे सणसणत यायचे. काय आहे टोपलीत, बोल. कुठून आलं, बोल. फुटलंय ना, मग फुटलंय म्हन, तुजी काय चोरी हाय? मुलगी आधी रडकुंडीला आली, मग चिडली. तिसऱ्या दिवशी तिच्या गळ्यातून काहीतरी फाटल्यासारखं बाहेर पडलं. वाकटी, ताजी, चार शेपट्या तुटलेल्या, या! मी किनाऱ्यावर चहा पीत होते, माझा कप हातातच राहिला. इतका मोठा आवाज त्या काडीच्या देहात कुठे लपून बसला होता कोण जाणे. एका बाईने येऊन टोपलीवर हात ठेवला, आणि मुलगी माझ्याकडे वळून बघायला लागली. परीक्षेत पहिली आली असती तरी तिचा चेहरा तसा झाला नसता. मला रडू आलं. मी चहात तोंड घातलं.

रोज ती बाईच्या घरी आंघोळ करायची, लिंबू चोळून वास घालवायची आणि लॅबमधून आल्यासारखी घरी जायची. पण आमच्या सोसायटीतलं कुणीतरी सुरमई घ्यायला अर्नाळ्याला आलं आणि घरी जाऊन सांगून बसलं. चौथ्या दिवशी वडील आले. ऑफिसला दांडी मारून आले होते, तरी शर्टाला इस्त्री. आधी मला हात जोडून नमस्कार केला. मग चार पावलं पुढे गेले आणि मुलीच्या कानाखाली अशी वाजवली की ती दोन टोपल्यांवर आडवी पडली. मासे वाळूत सांडले. घरात टीव्हीआड चालायचं ते त्यांनी उजेडात केलं, कारण त्यांच्या लेखी त्या किनाऱ्यावर माणसं नव्हतीच, कोळणी होत्या.

तिथे त्यांचं चुकलं. त्या बायांच्यात पुकारणारीवर हात टाकणं म्हणजे टोपलीच्या मालकिणीवर हात टाकणं. बाईने रिकामी टोपली उचलून त्यांच्या डोक्यात घातली. दुसरीने मागून शर्ट धरला, तो टरकन फाटला. तिसरीने ओल्या दोरखंडाने पाठीवर सपके ओढायला सुरुवात केली. ते खाली पडले, तोंडात वाळू गेली, ओठ फाटून हनुवटीवर रक्त आलं. ते शिव्या देत होते, आणि बायांना त्यांच्यापेक्षा कितीतरी चांगल्या शिव्या येत होत्या. आणि खोटं कशाला सांगू, मीही चप्पल काढली. करिअर मार्गदर्शन विभागप्रमुख. दोन लावल्या, एक खांद्यावर बसली, एक हुकली. हुकलेलीचं मला आजही वाईट वाटतं.

मग पोलीस चौकी. वडिलांनी आम्हा सगळ्यांविरुद्ध तक्रार दिली. हवालदार शहाणा होता, त्याने आमची बाजू ऐकली आणि मुलीला आत बोलावलं. एक महिला पोलीस शेजारी बसवली. विचारलं, बाळा, घरी मारतात का? बाहेर बाकावर मी, बाई आणि तिच्या सात-आठ जणी, सगळ्यांचे कान दाराकडे. कालच ही मुलगी होडीपर्यंत ऐकू जाईल असं ओरडली होती. ती खुर्चीत बसली, बांधलेल्या हाताकडे बघितलं आणि मान हलवली. नाही. मीच पडले.

बाई ताडकन उठून निघून गेली. माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. वडिलांनी मोठ्या मनाने तक्रार मागे घेतली, अट एकच, मी शाळेत हेडसरांसमोर माफी मागायची. ती मी दुसऱ्या दिवशी हेडसरांच्या खोलीत मागितली. फाटका ओठ घेऊन ते समोर बसले होते आणि म्हणाले, जाऊ द्या मॅडम, तुमच्या कळकळीची मला कदर आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हेडसरांनी कामाचा आठवडा कायमचा बंद केला आणि तक्ता पुन्हा भिंतीवर लावला.

मला त्या मुलीचा राग आला होता. हो, आला होता. पुढच्या आठवड्यात ती पाण्याच्या नळापाशी एकटी सापडली. गालाचं हाड सुजलं होतं. मी तिला भिंतीशी गाठून विचारलं, का गं, का नाही बोललीस, आम्ही सगळ्या तिथे मूर्खासारख्या बसलो होतो. ती म्हणाली, आत खोलीत बोलायचं होतं, मॅडम, खोलीत मला बोलता येत नाही. आमच्याकडे सगळं खोलीतच घडतं. मला तिचं म्हणणं समजलं, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. ती बाटली भरून घेऊन वळली, आणि जाता जाता तिने विचारलं,

"मॅडम, पुकारायला लागलं की कधी थांबायचं असतं?"

"कुणी हात ठेवला की."

तिने मान डोलावली, आणि वर्गात गेली.

त्यानंतर बरेच रविवार तसेच गेले. टीव्ही मोठा व्हायचा, मी स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायचे आणि पातेली आपटायचे. मग एका रविवारी दुपारी बातम्यांच्या आवाजावर एक आवाज चढला. मी कांदा चिरत होते. तो आवाज मी ओळखला, कारण मी तो किनाऱ्यावर ऐकला होता. मी सुरी टाकली आणि गॅलरीत धावले.

ती जिन्यात होती. बी विंगच्या जिन्याला आमच्या बाजूने जाळी आहे, तिच्यातून सगळं दिसतं. घराचं दार सताड उघडं, ती चौथ्या मजल्यावरच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी, आणि पुकारत होती. बाही फाटून लोंबत होती.

"हा दंड, आजचा, पट्ट्याने, बक्कल लागलंय! ही बोटं, दारात चेपली, गणपतीच्या आधी! हे डोकं, कपाटावर आपटलं, आतून फुटलंय की नाही माहीत नाही! या!"

वडील बाहेर आले. आधी जाळीतून खाली बघून सगळ्यांकडे हसले. मग तिची वेणी हाताला गुंडाळून मागे खेचायला लागले. तिची मान मागे गेली, पण कठडा सुटला नाही. मानेचं तसं धनुष्य झालेलं असतानाही ती पुकारत होती. पाठ, दिवाळीची, इस्त्रीने. इस्त्रीने हा शब्द आला तेव्हा आमच्या विंगमधल्या कुणाच्या तरी हातून भांडं पडलं. गॅलऱ्या भरल्या होत्या. माणसं होती, बाया होत्या, खेळायला खाली गेलेली पोरं चेंडू धरून उभी होती. आणि कुणी, एकही जण, हलत नव्हता. मी जिना उतरत होते, अनवाणी, एका हाताला कांदा तसाच लागलेला, आणि मनात एकच, पोचते, थांबू नको, मी पोचते, मी ठेवते हात.

मी दोन इमारतींच्या मधल्या अंगणात आले आणि टीव्ही बंद झाला. बारीक नाही, बंद. त्या घरातला टीव्ही बंद असताना रविवारची दुपार कशी असते, हे मी तोवर ऐकलं नव्हतं. तिचा आवाज एकदम दुप्पट झाला. अंगणात, भिंतींवर, रस्त्यापलीकडच्या दुकानांपर्यंत.

दारात आई आली. ही बाई म्हणजे सोसायटीतल्या कुणी कधी धड बघितलेली नाही अशी, मान खाली घालून भाजी आणणारी. टीव्ही मोठा करणारा हात तिचाच होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि आम्ही तिला त्याबद्दल मनात शिव्या देत आलो होतो, मीसुद्धा. तिचे दोन्ही हात मटणाच्या वाटणाने कोपरापर्यंत माखलेले होते. तिने नवऱ्याकडे बघितलं नाही. सरळ चालत कठड्यापाशी गेली आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, सगळा पंजा, दाबून. केसांवर लाल वाटण उतरलं.

मुलगी थांबली.

वडिलांनी वेणी सोडली आणि बायकोच्या तोंडावर मूठ मारली. दाराबाहेर, सगळ्यांसमोर. तिच्या नाकातून रक्त आलं, पण हात डोक्यावरून हलला नाही. त्यांनी दुसरी मूठ उगारली आणि तिथे मात्र शेजारचे, वरचे, खालचे, सगळे एकदम सुटले. जिन्यात नुसता धबधबा माणसांचा. त्यांना पायऱ्यांवरून दुसऱ्या मजल्यापर्यंत बडवत आणलं. दाताचा तुकडा मला पायरीवर दिसला. इतकी वर्षं टीव्ही ऐकणारे ते सगळे लोक आता हात साफ करून घेत होते, आणि मला त्यांचाही संताप आला. मी त्या गर्दीतून वर जायला धडपडत होते, कुणाचं कोपर माझ्या बरगडीत बसलं, पण मला वाटच मिळाली नाही. मी वर पोचले तेव्हा दोघी कठड्याला टेकून खाली बसल्या होत्या. आई आपल्या रक्ताने आणि वाटणाने माखलेल्या हाताने मुलीचे केस नुसते मागे सारत होती, पुन्हा पुन्हा.

या खेपेला चौकीत कुणाला काही गोडीने विचारावं लागलं नाही. मुलगी बोलली, दार उघडं ठेवा म्हणाली आणि बोलली. आईने पाठ फिरवून महिला पोलिसाला आपल्या पाठीवरचं दाखवलं. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. बरगडी ठणकत होती. कुणी कळवलं माहीत नाही, पण अर्नाळ्याची ती बाई रिक्षातून उतरली. पदर खोचलेला, कमरेला कोयता. हवालदाराने तो आधी बाहेर ठेवायला लावला. आमचं दोघींचं त्या दिवसानंतर बोलणं नव्हतं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, आत दिव्याकडे बघितलं, उघड्या दारातून मुलीचा आवाज येत होता तो थोडा वेळ ऐकला.

"हात कोनी ठेवला?"

माझ्या तोंडात आलं होतं, मी ठेवणार होते, मी येतच होते, अंगणापर्यंत पोचले होते. माझ्या हाताला अजून कांद्याचा वास येत होता.

"आईने," मी म्हणाले.

"आईनं," ती म्हणाली. मग बाकावर माझ्या शेजारी बसली आणि मान हलवली. "मंग झालं. आता कोनी मागं फिरत नाय."